मुलांचं लिहिणं नेमकं गाळतं कोण?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं होतं. आजकालच्या मुलांना स्वतःचा विचारच नाही, चार ओळी लिहायला सांगितल्या तरी मोबाईलमधून उतरवून काढतात, असा त्यांचा एकंदर सूर. पत्र कळकळीचं आहे आणि त्यातलं निम्मं खरंही आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मी लिहिते आहे, कारण ते माझ्या टेबलावरून जातं.

मी सांगलीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल हे बारमाही, आणि शाळांची स्नेहसंमेलनं उरकली की वार्षिकांक. वडिलांचा छापखाना होता. ते खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, हातानं जुळवायचे त्या काळात मुलांचा मजकूर फुलस्केप कागदावर, मुलांच्याच अक्षरात यायचा, आणि वाचता आला नाही तर वडील सायकलवर टांग टाकून शाळेत विचारायला जायचे. आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. प्राध्यापक महाशय म्हणतात ती नक्कल मी रोज बघते. 'झाडे बोलू लागली तर' हा एकच निबंध तीन शाळांतून तीन वेगवेगळ्या नावांनी येतो. मध्येच निळ्या अक्षरांत 'हे सुद्धा वाचा' असतं, ते काढायचंही कुणाच्या लक्षात येत नाही. हल्ली चॅटजीपीटीचा माल ओळखायला तर काहीच लागत नाही. महत्त्वाच्या शब्दांच्या मागेपुढे दोन-दोन चांदण्या तशाच राहिलेल्या असतात आणि सातवीतलं पोर 'बहुआयामी' हा शब्द एका पानात चारदा वापरतं.

पण नकलेचा हा गठ्ठा छपाईला येण्याआधी दुसरा एक गठ्ठा शाळेत बाजूला पडलेला असतो. काही शाळांतून तो चुकून माझ्याकडेही येतो. गडबडीत सगळे कागद एकाच पिशवीत भरलेले असतात, आणि कोणता घ्यायचा, कोणता नाही, हे वरच्या लाल खुणेवरून मी ओळखायचं. त्या नापास गठ्ठ्याबद्दल मला बोलायचं आहे.

त्यातला एक कागद हरिपूरच्या मुलाचा होता. सातवीतला. मथळा 'आमच्या गावची पेवं'. आपल्या बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, आणि तिथे जमिनीच्या पोटात वीस-पंचवीस फूट खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी पद्धत. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट मोठं. आतून लिंपायचं, पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती ओढायची. हळद त्यात वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुमच्यासकट सगळ्या वर्तमानपत्रांनी हे छापलं होतं. पण या मुलानं लिहिलं होतं ते कुठल्याच बातमीत मी वाचलेलं नाही.

त्यानं लिहिलं होतं की त्याचे आजोबा पेवात उतरायचे. झाकण काढलं की लगेच कोणी आत जात नाही. दोन-चार तास पेव तसंच उघडं ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर कंदील वर ओढायचा आणि परत थांबायचं. घाई केलेली माणसं आत गेली ती वर आली नाहीत, असं आजोबा सांगतात. हे सगळं त्यानं घरच्या बोलीत, 'आजोबा म्हंत्यात' असं म्हणत लिहिलं होतं. आणि खाली, निबंध संपल्यावर, जागा उरली म्हणून की काय, एक प्रश्न: "हळद तर उकडून वाळवलेली असते. ती श्वास घेत नाही. मग आतली हवा कोण संपवतं?"

संपादक महाशय, मी काम बाजूला ठेवलं. आमच्या गल्लीत राहणाऱ्या विज्ञानाच्या एका सरांना तो कागद दाखवला. ते म्हणाले, हळद कितीही वाळवली तरी थोडा ओलावा राहतोच, भिंतीला पाला असतो, मातीचं लिंपण असतं. त्यावर जगणारे सूक्ष्मजीव आणि चुकून आत गेलेली कीड, हे सगळे प्राणवायू वापरत राहतात. वरून नवी हवा येत नाही. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाशी साचतो. कंदील विझतो तो यामुळे, आणि कीड मरते तीही यामुळेच. म्हणजे हळद टिकवणारी गोष्ट आणि माणूस मारणारी गोष्ट एकच. सर म्हणाले, श्वसन, ज्वलन आणि हवेचे घटक हे तीन धडे या एका प्रश्नात आहेत, आणि मी ते तीन वेगळ्या महिन्यांत शिकवतो.

शिवाय त्या कागदात इतिहास होता. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, कित्येक पेवं कायमची गेली, आणि आजोबांचं काम सुटलं. आता हळद शीतगृहात जाते. तिथे कंदील लागत नाही आणि आजोबाही लागत नाहीत, असं त्याचं वाक्य होतं. वर लाल पेनानं शेरा: 'विषय सोडून. भाषा अशुद्ध.'

अंकात त्या मुलाचं नाव मात्र आहे. छापील पान मीच लावलं. त्याच्या नावावर 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आहे. अणुबॉम्बपासून सुरू होतो आणि 'शेवटी काय, तर सर्व काही आपल्याच हातात आहे' इथे संपतो.

आता सांगा, नक्कल कोणाची सवय? त्या मुलानं आधी स्वतःचं लिहून दिलं होतं. ते परत आलं. मग त्यानं मोठ्यांना हवं ते आणून दिलं. व्यवहारज्ञान म्हणायचं तर हे पोर आपल्यापेक्षा हुशार आहे.

याला शिक्षकच जबाबदार आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्याकडे प्रूफ तपासायला येणारे गुरुजी एका हातानं प्रूफ धरतात आणि दुसऱ्या हातानं कुठल्या तरी पोर्टलवर माहिती भरत असतात. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशेब, सगळं त्यांच्याच डोक्यावर. ठरलेले निबंध त्यांना सोयीचे पडतात, कारण परीक्षेतही तेच असतात. वर्णनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्त, असे कप्पे पाडलेले. यातलं आत्मवृत्त हे प्रकरण तर मला कधीच उमगलेलं नाही. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त असतं, जुन्या वडाचं असतं, नदीचं असतं, फक्त लिहिणाऱ्याचं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. निम्मं गाव पाण्यात होतं. त्या वर्षीच्या वार्षिकांकांत मला 'मी कृष्णा बोलतेय' या मथळ्याचे निबंध किती आले म्हणून सांगू! सगळ्यांत नदी माणसाला प्लास्टिकबद्दल रागावते. बरोबरच आहे तिचं. पण गावभागातलं, खणभागातलं ते पोर त्या रात्री कुणाच्या गच्चीवर होतं, बोटीत आधी कोणाला घेतलं, म्हैस सोडली की बांधून ठेवली, घरात परत आल्यावर चिखलाला वास कसला होता, हे एकाही निबंधात नव्हतं. मुलांना ते आठवत नव्हतं असं कोण म्हणेल? नदीला बोलायला सांगितलं होतं, त्यांना नव्हतं.

दुसरा कागद एका मुलीचा. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या कुटुंबातली, हंगामापुरती इथल्या शाळेत बसलेली, पाचवीतली. विषय साधा, 'माझा रविवार'. तिचा रविवार पहाटे तीनला सुरू होत होता, कारण आई-वडील फडात निघाले की कोपीतल्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या, धाकट्या भावाला तिनं बघायचं. पाणी कुठून आणते, चुलीला पाचट कसं घालते, कोपीच्या मागून रात्री कोल्हं जातं ते कसं ओळखते, हे तिनं ओळीनं लिहिलं होतं. तक्रारीचा सूर कुठेच नाही. शेवटी दोन ओळी होत्या. (ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात.) मुकादम आई-वडिलांचा मिळून एक कोयता धरतो. मी पण मोळ्या बांधते, पण मला कशातच धरत नाहीत. समाजशास्त्राच्या पुस्तकात हे असं नेमकं लिहायला माणसाला डॉक्टरेट करावी लागते.

हा कागद मात्र नापास झालेला नव्हता. त्या शाळेतल्या बाईंनी तो हट्टानं अंकात घेतला होता. मी पान लावलं, प्रूफ गेलं, तपासून आलं. बाईंनी एक अनुस्वार सोडून कशालाही हात लावलेला नव्हता. मग छपाईच्या आदल्या दिवशी एका मान्यवरांचा शुभेच्छा संदेश आला, फोटोसकट, पानभर हवा होता. छपाईची पानं सोळाच्या, आठच्या हिशेबात बसवावी लागतात. एक पान वाढलं की एक काढावं लागतं. सराफाची जाहिरात काढता येत नाही, पैसे घेतलेले असतात. पतसंस्थेची काढता येत नाही, अध्यक्ष शाळेच्या कमिटीवर असतात. गुणवंतांचे फोटो काढले तर पालक येतात भांडायला. त्या मुलीचे आई-वडील भांडायला येणार नव्हते. तोवर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला होता आणि त्यांच्या गाड्या गावाकडे निघाल्या होत्या. माझ्याकडे ते पान फाईलमध्ये अजून आहे, तयार, क्रमांक घातलेलं.

आपल्याकडे हे असंच चालत आलंय, असंही म्हणता येत नाही. 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी पोर, शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षं झालेली. आणि तिनं लिहिलं काय? वेद जर ब्राह्मणांचेच आहेत, आम्हाला ते पाहायचीही मुभा नाही, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, आम्ही कोणत्या धर्माचे, असा थेट देवालाच सवाल. पेशवाईत तालमीसमोरून जाणाऱ्या महार-मांगांचे काय हाल होत, आपल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं नाव घेऊन, जागा सांगून लिहिलं. घरात ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि शाळेत शिकून सुचलेलं, तिन्ही एकत्र. इतिहास, समाज आणि रोजचं जगणं असे कप्पे तिनं पाडले नाहीत.

मला यात धंद्याच्या नजरेनं दिसलेली एक गोष्ट सांगते. तो निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत आला. एका अंकात मावला नाही, म्हणून संपादकांनी कापला नाही, पुढच्या अंकात चालू ठेवला. एका शाळकरी मुलीचा मजकूर, तेव्हाच्या खिळ्यांच्या जुळणीत, क्रमशः! ज्यांनी एकेक खिळा हातानं उचलून ओळ भरलेली बघितली आहे त्यांना कळेल की हा नुसता उदारपणा नव्हता, कुणाचे तरी तास त्यात गेले असणार. आज आमच्याकडे जागा वाढवायला एक कळ दाबावी लागते, आणि संदेश आला की पाचवीतली मुलगी जाते.

मुक्ताबाईंचं लिहिणं आज एखाद्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळासमोर आलं असतं तर? भावना दुखावतील, असं एकजण म्हणाला असता, शाळेचं नाव खराब होईल, असं दुसरा, आणि तिसऱ्यानं 'स्त्री शिक्षण : काळाची गरज' यावर काहीतरी लिहून आण, म्हणून तिला परत पाठवलं असतं. गंमत म्हणजे त्याच अंकात मुखपृष्ठावर सावित्रीबाईंचं चित्र असतं. मी दर जानेवारीत लावते.

मुलांचं लिहिणं मनावर घेणारी मोठी माणसं आपल्याकडे कमी झालेली नाहीत. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली की ते म्हणत, मला पोस्टकार्डवर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आणि ते उत्तर पाठवत. मला यातली युक्ती फार आवडते. सहीसाठी का होईना, मुलाला एक प्रश्न स्वतःचा शोधावा लागायचा, आणि पोस्टकार्डाएवढ्या जागेत तो बसवावा लागायचा. हरिपूरच्या मुलाचा कंदिलाचा प्रश्न पोस्टकार्डावर सहज मावला असता, वर पत्त्यालाही जागा उरली असती. नारळीकर गेल्याला आता काळ लोटला. पण उत्तर द्यायला एवढ्या मोठ्या माणसाचीच गरज आहे का? हळदीच्या प्रश्नासाठी कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र इथून हाकेवर आहे. विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद कॉलेज आहे. त्यांच्या दारात सातवीतला प्रश्न जाईल अशी वाट मात्र कुठे नाही.

म्हणून आपल्याला एक मागणी करते आहे. आपली रविवारची बालपुरवणी मी नियमित बघते, धंद्यामुळे मांडणीही बघते. रंगवायचं चित्र असतं, कोडं असतं, एक बोधकथा असते आणि शिष्यवृत्ती मिळालेल्यांचे फोटो असतात. यातलं मुलांनी केलेलं काहीच नसतं, फोटो काढायला उभं राहणं सोडून. त्या पुरवणीतलं पाव पान मुलांच्या लिहिण्याला द्या. स्पर्धा नको. स्पर्धा म्हटलं की आई-बाबा लिहायला बसतात, आणि आमच्याकडे ते छापायला येतं तेव्हा पहिल्या वाक्यात कळतं. बक्षीस नको, फोटोही नको, हवं तर नावाऐवजी गाव आणि इयत्ता द्या, म्हणजे हेडमास्तरांनाही धाकधूक नको.

अट एकच ठेवा. मजकूर हातानं लिहिलेला हवा, आणि त्यात मुलानं स्वतः पाहिलेली किंवा घरातल्या-गल्लीतल्या कुणाला तरी विचारून घेतलेली एक तरी गोष्ट हवी. विषय तुम्ही देऊच नका. दिलाच तर असा द्या, की ज्याचं उत्तर मोबाईलमध्ये नाही. तुमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळात कोण खडी फोडायला गेलं होतं? जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या घराघरांत असं एखादं माणूस अजून आहे, आणि दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव त्याला आठवते. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर आई काम करत असेल तर विचारा, द्राक्ष औषधात बुडवून का काढतात आणि न बुडवता वाळवलं तर काय होतं. कुंडलच्या पोरांना विचारू दे, स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारच्या वेळी भूमिगतांना भाकरी कोणाच्या घरातून जायची. पुस्तकात पुढाऱ्यांची नावं येतात, भाकरी भाजणारीचं येत नाही, आणि तिची नातवंडं-पतवंडं आज त्याच शाळांत आहेत.

आणि एक विनंती तुमच्या उपसंपादकांना. 'म्हंत्यात' असेल तर 'म्हंत्यात' राहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ बघा, वाक्य तुटत असेल तर जोडा, त्यापलीकडे हात लावू नका. शेवटी बोध नसेल तर घालू नका. मुलांना बोधाची सवय आपण लावली आहे. ती परीक्षेत मार्क मिळवून देते म्हणून ती घालतात, नाहीतर त्यांचं सांगून झालं की ती थांबतात. त्या मुलीच्या रविवारच्या निबंधात तसं काही नव्हतं. रात्र झाली, आई आली, निजले, एवढंच.

प्राध्यापक महाशयांनाही माझं निमंत्रण आहे. सांगलीत असतील तर दुकानात यावं, चहा घ्यावा आणि तो दुसरा गठ्ठा स्वतः चाळावा. शाळांची हरकत नसेल अशी पानं मी वेगळी काढून ठेवली आहेत. वाचल्यावरही त्यांना मुलांना विचार नाहीत असंच वाटलं, तर त्यांनी तसं पुन्हा लिहावं.

पुरवणीचं आपलं ठरलं तर मुलांचे हस्तलिखित कागद टाइप करून द्यायचं काम मी विनामूल्य करेन. दर आठवड्याला पाव पान म्हणजे माझ्या एका संध्याकाळचं काम. कागद शाळांकडून मागवायचे की थेट मुलांनी कार्यालयात टाकायचे, ते आपण ठरवा. माझं मत थेट मुलांनी, टपालानं. मजकूर युनिकोडमध्ये हवा की श्रीलिपीच्या फाँटमध्ये, तेवढं मात्र आधी कळवा.

आपली,
एक वाचक, खणभाग, सांगली